मोठ्या बर्नरची चौकशी

टिक टिक टिक टिक टिक.

काही नाही.

टिक टिक टिक टिक टिक टिक, आणि मग एकदम भप्प! पातेल्याखालून निळा लोळ उठला, घड्याळजींच्या बायकोच्या कोपराला चाटून गेला, आणि तिच्या बाहीची लेस आखडून तपकिरी झाली.

"झालं," ती हळूच म्हणाली.

ओरडली असती तर घड्याळजींना हायसं वाटलं असतं. ती ओरडली की विषय संपायचा. हळू बोलली की सुरू व्हायचा.

"मी बघतो ना जरा..."

"तुम्ही काही बघायचं नाही. अकराला शेगडीवाला येतोय. मिक्सर तुम्ही बघितला होतात. इस्त्री तुम्ही बघितली होतीत."

"इस्त्री चालते की आता!"

"चालते. थांबत नाही." तिने बाहीवर फुंकर घातली. "खरं सांगा, शेगडीला हात लावला होतात?"

"छे! मुळीच नाही." आणि हे ते अगदी मनापासून म्हणाले.

"लावला असेल, तर इस्त्रीच्या वेळी काय ठरलंय ते लक्षात असू द्या."

काय ठरलं होतं ते असं. घरातली आणखी एक वस्तू घड्याळजींच्या हातून बिघडली, की त्यांचे चिमटे, स्क्रू ड्रायव्हर, डोळ्याला लावायचं भिंग, सगळं बिऱ्हाड स्वयंपाकघरातल्या टेबलावरून उठणार आणि दुकानात जाणार. कायमचं.

ऐकायला एवढंसंच वाटतं. पण घड्याळजी रोज सात वाजता दुकान बंद करायचे, दोन-तीन घड्याळं डबीत घालून घरी आणायचे आणि टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला बसायचे. बायको शेगडीशी असायची, नाहीतर पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर लोकांचे पडदे शिवत असायची. सासूबाई समोर बसून काहीतरी निवडत, सोलत असायच्या. दुकानात दिवसभर बोलणं व्हायचं ते घड्याळांबद्दल. इथे घड्याळ हातात असायचं आणि बोलणं बाकी सगळ्या जगाबद्दल. हे टोक गेलं, तर संध्याकाळी अर्धं शटर ओढून एकट्याने बसायचं, चाळीस घड्याळांच्या संगतीत, ज्यातली दोनसुद्धा एक वेळ दाखवत नाहीत.

बायको मापाची टेप पर्समध्ये टाकून निघाली. कुणाच्या तरी सहा खिडक्या मापायच्या होत्या.

"अकराच्या आत येते. आई, यांच्यावर लक्ष ठेव."

"ठेवते हो," सासूबाई म्हणाल्या आणि मटारची पिशवी पुढ्यात ओढली.

दार लागलं. सव्वानऊ. दुकानाच्या सुट्टीचा दिवस. सासूबाईंनी एक शेंग फोडली. घड्याळजींनी भिंग काढलं.

"जावईबापू."

"नुसतं बघतोय, आई. हात नाही लावत."

"मी कुठे काय म्हणाले?"

पहिला संशयित: बॅटरी

शेगडीच्या पोटाखाली एक काळी डबी, तिच्यात एक जाडजूड बॅटरी. बॅटरी उतरली की टिकटिक मंदावते, अडखळते. घड्याळजींनी रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली, नॉब फिरवला आणि डोळे मिटून ऐकलं. या माणसाने आयुष्यभर टिकटिक ऐकूनच पोट भरलेलं. एकसारखी, खणखणीत, कुठे लंगडेपणा नाही.

बॅटरी निर्दोष.

दुसरा: गॅस

लहान बर्नर तर पहिल्या ठिणगीला पेटतो, मग गॅस कसा दोषी? सोडून द्या त्याला.

तिसरा: पाणी

याच्यावर घड्याळजींचा पहिल्यापासून डोळा होता. बायको रोज बर्नरच्या टोप्या घासते. ओली टोपी बसवली, की ठिणगी पाण्यात जिरते. म्हणजे दोष बायकोचा! त्यांना हुरूप आला. त्यांनी टोपी उचलली, उलटी केली, फडक्याने पुसली, बोटाने चाचपली.

कोरडी ठणठणीत.

तरीही त्यांनी घड्याळावरची धूळ उडवायचा रबरी फुगा आणून फुस्स-फुस्स करून सगळी भोकं साफ केली. मग लाकडी काडीला टोक काढून एकेक भोक तपासलं. बावन्न भोकं. बावन्नही मोकळी.

"टोपीला हात लावलात," सासूबाई म्हणाल्या.

"पुसायला."

"मी आपलं बोलले. लक्ष ठेवायला सांगितलंय ना."

मग उरलं काय

उरली ठिणगी. ती बघायला अंधार हवा. घड्याळजींनी पडदा ओढला, दिवा घालवला. सासूबाईंच्या शेंगा थांबल्या.

"आता काय जादूचे प्रयोग?"

"दोन मिनिटं, आई."

गॅस बंदच होता. त्यांनी लहान बर्नरचा नॉब फिरवला. टिक, आणि बर्नरशेजारच्या बारीक पिनेच्या टोकापासून बर्नरच्या कडेपर्यंत एक निळा धागा. टिक, धागा. टिक, धागा. सुरेख.

मोठा बर्नर. टिक. ठिणगी पिनेच्या टोकाशी यायची, पलीकडे बघायची आणि माघारी वळून खालच्या पत्र्यात घुसायची. काठापर्यंत येऊन उडी न मारता परत फिरणाऱ्या पोरासारखी. दहा-बारा वेळा अशी माघार, मग एखादी धीट ठिणगी उडी घ्यायची. तोवर गॅस साठून राहणार. म्हणून भप्प.

पण का? दिवा लावून घड्याळजींनी भिंग डोळ्यात बसवलं आणि ओट्यावर गाल टेकून बघितलं.

लहान बर्नरची पिन वाकडी होती. दुसऱ्याचं बोलणं ऐकायला मान पुढे काढावी तशी बर्नरकडे झुकलेली.

मोठ्या बर्नरची पिन सरळ होती.

पट्टी लावून रेघ मारावी तशी सरळ. आणि तिच्या अंगावर, भिंगाशिवाय दिसणार नाहीत असे, दोन चरे. एक लांब, एक आखूड. घड्याळजींच्या तीन नंबरच्या चिमट्याचं एक टोक गेल्या वर्षी थोडं तुटलं होतं. तेव्हापासून तो चिमटा जिथे जिथे टेकतो, तिथे असेच दोन चरे उठतात.

एक लांब. एक आखूड.

चौथा

शनिवार संध्याकाळ. बायको मशीनवर. घड्याळजी चहा गरम करायला शेगडीपाशी उभे, हातात चिमटा तसाच. समोर एक वाकडी पिन. ज्या माणसाचा दिवस वाकडे काटे सरळ करण्यात जातो, त्याच्यासमोर वाकडी पिन! उघडं राहिलेलं फडताळ आपण जाता जाता लोटतो, ते काही कुणी लक्षात ठेवत नाही. तसंच, जाता जाता, एक हलकासा दाब. सरळ. चहा गाळला. विसरले.

त्यांच्या डोळ्याला ती वाकडी खुपली होती, पण कारखान्यात कुणीतरी मुद्दाम, मापून वाकडी केलेली होती ती.

घड्याळजी खुर्चीवर बसले. मग उठले. चिमट्याने पिनेची मान धरून तिला पूर्वीसारखं झुकवलं, लहान बर्नरकडे बघून पुन्हा केसभर झुकवलं. टोपी बसवली, रेग्युलेटर सुरू केला. नॉब.

टिक टिक, आणि फुलासारखी गोल, गप्प निळी ज्योत.

पावणेअकरा.

सासूबाई, मध्ये न थांबता

"बॅटरी म्हणा. ऐका माझं, जावईबापू, बॅटरीच म्हणा, बॅटरीला कुणी उलटून विचारायला जात नाही. बघताय काय असे? शनिवारी मी याच खुर्चीत बसले होते, डोळे अजून शाबूत आहेत माझे. सकाळी तिने विचारलं, तेव्हा तुम्ही छातीठोक नाही म्हणालात, मी म्हटलं शाब्बास, जावई खोटं बोलायला शिकला एकदाचा. विसरलात होय? म्हणजे तेही नाही! हे बघा, तुमची ती चिमटे-कात्री दुकानात गेली, तर तुम्हीही तिकडेच बसणार. हिचं मशीन सुरू झालं की घरात खडखडाट. मग मी कुणाशी बोलायचं, मटारांशी? त्या नव्या डॉक्टरीणबाईंच्या घड्याळाची हकीकत अजून अर्धीच सांगितलीय तुम्ही. मी काही पाहिलं नाही. बॅटरी."

अकरा

बायको आणि शेगडीवाला जिन्यातच भेटले आणि बरोबरच आत आले. शेगडीवाल्याने हत्यारांची पिशवी ओट्यावर ठेवली, नॉब फिरवला. पेटली. विझवून पुन्हा फिरवला. पेटली.

"ताई, ही तर मस्त चालतेय."

"सकाळी माझी बाही जाळली हिने!" बायकोने बाही पुढे केली आणि मग नवऱ्याकडे वळली. "काय होतं?"

"बॅटरी बदललीत काय, काका?" शेगडीवाल्याने आपणहून विचारलं. "नव्वद टक्के तेच असतं."

सासूबाईंनी शेंगेवरून नजर उचलून घड्याळजींकडे पाहिलं. सुटकेचं दार उघडं होतं. फक्त मान हलवायची होती.

आता, घड्याळजींच्या धंद्यात एक रीत आहे. घड्याळ उघडून काम केलं, की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात आपली खूण आणि तारीख कोरायची. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढे कधीतरी दुसरा कारागीर उघडेल, त्याला कळावं की इथे कुणाचा हात लागलाय; चांगला लागला असो की वाईट. तीस वर्षांत त्यांनी एकदाही ती चुकवली नव्हती. त्या पिनेवरही, नकळत का होईना, कोरलीच होती.

"बॅटरी चांगली आहे," घड्याळजी म्हणाले. "पिन वाकडी होती, ती मी शनिवारी सरळ केली. ती वाकडीच हवी असते. आता केली परत वाकडी."

शेगडीवाला खाली वाकला, पिन बघितली आणि हसू दाबायला खोकला.

"सकाळी तर म्हणालात हात नाही लावला," बायको म्हणाली. हळू.

"सरळ केली गं नुसती. ते हात लावणं आहे असं माझ्या मनातच आलं नाही."

"अगं बाई, कशाला!" सासूबाईंचा धीर सुटला. "मी तीन दिवस तोंड शिवून बसले, आणि यांनी एका मिनिटात सगळं ओतलं!"

बायको सावकाश आईकडे वळली.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

मटार. खूप लक्षपूर्वक मटार.

आणि मग बायको ओरडली! बाहीबद्दल, इस्त्रीबद्दल, मिक्सरबद्दल, सख्खी आई फितूर झाल्याबद्दल, सहा खिडक्यांपैकी एकही दुसरीसारखी नसल्याबद्दल. शेगडीवाला पिशवी उचलून दाराकडे सरकू लागला, तेव्हा "तुम्ही कुठे निघालात, चहा घेऊन जा" असं त्याच्यावरही ओरडली. घड्याळजी मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांना हायसं वाटत चाललं होतं.

चहा मोठ्या बर्नरवर झाला. दुसऱ्याच टिकला बर्नर पेटला.

"तुमचं सामान राहू दे इथेच," कप पुढे करत बायको म्हणाली. "खोटं बोलला असतात, तर आजच पोचवलं असतं. पण खुर्ची फिरवायची. शेगडीकडे पाठ करून बसायचं. वाकडं-सरळ काही दिसायला नको तुम्हाला."

"मला चालेल," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या.

"तुला कोण विचारतंय?"

आणि संध्याकाळी

घड्याळजी खुर्ची फिरवून बसले. भिंत हलवल्यासारखं वाटलं त्यांना. इतकी वर्षं या टेबलावरून शेगडी, खिडकी आणि सासूबाई एवढंच दिसायचं. या बाजूने दारातून थेट पुढची खोली दिसत होती. मशीन, मशीनवरचा दिवा, त्या उजेडात वाकलेली बायको. शिवताना ती ओठ पुटपुटल्यासारखे हलवते, टाके मोजते की गाणं म्हणते कोण जाणे. हे त्यांना माहीतच नव्हतं.

"हं, मग त्या डॉक्टरीणबाई?" सासूबाईंनी विचारलं. त्यांनीही आपली खुर्ची फिरवून त्यांच्या शेजारी ओढली होती.

"डॉक्टरीणबाई म्हणजे..." घड्याळजी म्हणाले आणि थांबले.

बायकोच्या चष्म्याची डावी दांडी किंचित वाकडी होती. चष्मा त्यामुळे भिवयांवर तिरका बसायचा. फार नाही. केसभर. हाताने नुसतं असं केलं तरी...

मशीनचा आवाज थांबला नाही. बायकोने वर पाहिलंही नाही.

"चष्म्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"नाही गं," घड्याळजी म्हणाले, आणि थोडा वेळ तसेच बघत राहिले.