गुळण्यांचा पेला

मी पेला बोलतोय. हसू नका, या खोलीत माणसांपेक्षा पेल्याला बोलणं सोपं जातं.

स्टीलच्या पत्र्यावर साचा आदळला आणि माझा जन्म झाला. आम्ही सहा भावंडं. पाच जण एका बाईंच्या स्वयंपाकघरात चकाकत बसले. मला पोचा आला, म्हणून माझी रवानगी त्यांच्या कामावर झाली. बाई रुग्णालयात स्पीच थेरपिस्ट आहेत, म्हणजे वाचा गेलेल्यांना बोलतं करतात. माझ्याकडे गुळण्यांचं खातं. लोक पाणी घेतात, घशात खळखळाट करतात आणि बेसिनमध्ये थुंकतात. निम्म्यांचा नेम चुकतो. खानदानी भांड्यानं याहून जास्त सांगू नये.

एकदा बाजारातले लिलाववाले काका आले. त्यांचा आवाज म्हणे तीन गल्ल्या ओलांडून जायचा. एका सकाळी भाव पुकारता पुकारता उजवा हात लोंबला, जीभ अडकली. पक्षाघातच समजून सगळे धावले. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि म्हणाले, "मेंदूत काही सापडलं नाही."

"ते आम्हाला लहानपणापासून माहीत आहे," काकांचा भाऊ म्हणाला.

मग कागदावर 'फंक्शनल स्ट्रोक' लिहून त्यांना आमच्याकडे धाडलं. म्हणजे मेंदूच्या शिरा शाबूत, पण बोलणं खरोखरच बंद. घरच्यांनी पहिलं अर्धंच ऐकलं. भाऊ उघड म्हणाला, "नाटकं!" काकू मात्र दोन महिने भरवत राहिल्या, कपडे घालत राहिल्या. त्यामुळे काकांना वाचा गेल्यापेक्षा ती परत येण्याचीच धास्ती जास्त. आली, की काकूही म्हणणार, नाटकच होतं.

बाई म्हणाल्या, "काका, बोलायचं नाहीच. नुसत्या गुळण्या. लक्ष पाण्यावर."

गुर्रर्र. म्हशीनं डबक्यात तोंड घातल्यासारखा आवाज.

"वा! हा आवाज कुणाचा? पेल्याचा तर नाही. आता लिलावाच्या चालीवर करा."

गुर्र-गुर्र, गुर्र-गुर्र. पाणी संपलं, चाल चालूच राहिली आणि घशातून खणखणीत बाहेर पडलं, "एक वार! दोन वार!"

दार उघडलं. काकू.

"म्हणजे येतं बोलता? दोन महिने मला खुणांवर नाचवलंत?"

काकांचं तोंड कडी लावल्यासारखं मिटलं.

बाईंनी मला काठोकाठ भरून काकूंच्या हातात दिलं. "काकू, माझ्यापर्यंत या. नजर पाण्यावर. थेंबही सांडायचा नाही."

काकू निघाल्या. तिसऱ्या पावलाला हात थरथरला, पाचव्याला मी त्यांच्या पावलांवर ओतला गेलो.

"घरी चहा नेताना सांडतो?"

"छे! बघतसुद्धा नाही मी कपांकडे."

"मग आत्ता मुद्दाम सांडलंत?"

काकूंनी ओल्या पावलांकडे पाहिलं. "मुद्दाम कशाला सांडेन?"

"त्यांच्या जिभेचं तेच झालंय. बोलायला गेले, की तीच थरथरते. लक्ष दुसरीकडे गेलं, की सुटते. ढोंग नाही ते."

काकूंनी मला बेसिनच्या कडेवर ठेवलं. मग नवऱ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "म्हणा काय म्हणायचंय ते. मी खिडकीबाहेर बघते."

घड्याळ चालू होतं. नळ गळत होता.

"पा... पाय दुखत असतील तुझे," काका म्हणाले. "ब... बस."

काकू वळल्या नाहीत. बाहेरच बघत त्यांनी मागे हात नेऊन खुर्ची चाचपली आणि बसल्या.

काका अजून येतात. कधी वाक्यंच्या वाक्यं बोलतात, कधी एका अक्षरावर घोडं अडतं. मला आणखी दोन पोचे आलेत. भंगारवाल्याची नजर आहे माझ्यावर. जाण्याआधी एवढीच विनवणी, ज्याच्या मेंदूचा फोटो स्वच्छ येतो, त्याच्या तोंडावर थुंकू नका. थुंकायला बेसिन आहे.