कमरेचा फेटा

दत्तोबा तात्यांनी एकदा माळेगावच्या वाटेवर उसाची कलंडती ट्रॉली नुसत्या खांद्यानं थोपवली होती. ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा ट्रॉली पाच टनांची होती. काटेवाडीच्या दूध डेअरीवर सांगता सांगता यंदा अठरावर गेली. ट्रॉली कलंडली तेव्हा तात्या केव्हाच ओढ्यात उडी मारून बसले होते, हे फक्त तात्यांना ठाऊक.

असला पहिलवान न्हाणीत साबणावर पाय पडून खुबा मोडून घेतो, हे त्यांचं त्यांनाच पटत नव्हतं. बारामतीला ऑपरेशन झालं. पुन्हा पडलात तर अंथरूण कायमचं, असं डॉक्टरांनी बजावलं. दीड महिन्यानं काठी घेऊन डेअरीपर्यंत जायची परवानगी मिळाली, तर सून राजलक्ष्मीनं त्यांचाच फेटा त्यांच्या कमरेला आवळला.

"डोक्याचा फेटा कंबरंला? मी काय बाजारला चाललेला बैल हाय?"

"बैल परवडला, तात्या. त्यो ऐकतो तरी."

दुखऱ्या बाजूला, अर्धं पाऊल मागं राहून, फेट्यात बोटं अडकवून ती चालू लागली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला तसंच दाखवलं होतं.

तात्यांनी तिच्या मनगटाकडं पाहिलं. उसाचं कांडं याहून जाड असतं. "भिऊ नगं," ते म्हणाले, "मी पडलोच तर तुला धरीन."

डेअरीवर दूध घालायला आलेले अप्पा आणि मंडळी बघताहेत म्हटल्यावर तात्यांनी छाती काढली, चाल वाढवली, आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. गुडघे गेले. हाताला डेअरीचा कठडा लागला, तो त्यांनी गच्च धरला. अंग मात्र दुखऱ्या खुब्यावर पीळ खात खाली चाललं. अप्पा दुसरा हात ओढायला धावले.

"अप्पा, वढू नका. तात्या, कठडा सोडा. पडा."

असं सांगणारं त्यांना जन्मात कुणी भेटलं नव्हतं. त्यांनी सोडला. राजलक्ष्मीनं पाय फाकून फेटा आपल्याकडं ओढला, त्यांचा भार अंगावर घेतला, एक पाय पुढं करून ती गुडघ्यात वाकली, आणि तात्या त्या पायावरून धान्याच्या पोत्यासारखे अलगद भुईवर उतरले. डोकं तिच्या हातात.

उचलायला आलेल्यांना तिनं थांबवलं. "कुठं दुखतंय, तात्या?"

तात्यांनी पाय हलवून पाहिला. "खुबा जाग्यावर हाय. इज्जतीला तेवढा मुका मार हाय."

खुर्ची येईपर्यंत ते दुधाच्या कॅनांमध्ये बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांदेखत सांगण्याजोगं काही खरं घडलं होतं. ते सांगायचं कसं, हे त्यांना सुचेना.

सुचायला दोन दिवस लागले. आठवड्यात गोष्ट इंदापूरपर्यंत गेली: एकशेवीस किलोचा तात्या सुनेनं एका हातानं उतरवला. ट्रॉलीचं नाव कुणी काढेना.

"तात्या, दवाखान्यात त्रेसष्ट भरला व्हता तुमी," राजलक्ष्मी म्हणाली.

"काट्याचं मला सांगू नगं," तात्या म्हणाले. "कारखान्याला ऊस घालणाऱ्याला इचार. काट्यावर कधी पुरं वजन भरतंय व्हय?"