खराटा मारलेला ओटा

सोमवारी सकाळी गवंडीणबाईंनी नवऱ्याच्या हातचा मागच्या दारचा ओटा घणाने फोडायला घेतला, आणि दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की म्हातारीचं डोकं फिरलं. बाईंचं मत उलटं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच डोकं ठिकाणावर आलंय, असं त्या म्हणत होत्या. आणि गल्लीचं काय, गल्लीला बोलायला काहीतरी लागतंच.

यजमान गवंडी होते. त्यांच्या घोटाईचं मोठं नाव होतं. जमीन अशी गुळगुळीत करायचे की वाकून बघत भांग पाडावा. काँक्रीट पसरलं की बाई वरून कोरडं सिमेंट भुरभुरत, पाण्याचे हबके मारत, आणि यजमान गुडघ्यांवर बसून लोखंडी थापीने घोटत, घोटत, घोटत. घराच्या आत ती चकाकी अजून शाबूत होती. दाराबाहेर मात्र गावच्या थंडीपुढे तिचं काही चालत नव्हतं. पाच महिने बर्फ; दुपारी वितळायचा, ऊन उतरलं की पुन्हा गोठायचा. दर वर्षी ओट्याचे पापुद्रे सुटायचे, कोपरा वर यायचा, मधून भेग जायची. यजमानांनी तीनदा ओटा नव्याने घातला. तीनदा शिव्या घातल्या, एकदा थंडीला, एकदा मातीला, एकदा सिमेंटच्या दुकानदाराला. घोटाईवर संशय घ्यायचं मात्र दोघांच्याही मनात आलं नाही.

यजमान जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात कचऱ्याची बादली घेऊन बाहेर पडलेल्या बाई त्याच चकाकीवरून घसरल्या. मनगट मोडलं, कमरेला मार बसला, आणि गॅसवाला येईपर्यंत दीड तास त्या बर्फात पडून होत्या. हाक मारून मारून आवाज गेला होता. मुलगा रात्रंदिवस गाडी हाकत आला. दवाखान्यात तो पांढऱ्याफटक चेहऱ्याने खाटेशी बसला. त्या दिवसापासून त्याचा फोन दिवसातून तीनदा येऊ लागला. तो प्रत्येक वेळी एकच विचारायचा, “कुठे आहेस? आत ना?”

उन्हाळ्याच्या शेवटी तो आला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून त्याने सांगून टाकलं. घर त्याच्याच नावावर होतं. बाईंनीच हौसेने करून दिलं होतं.

“आई, आता पुरे. माझ्याकडे चल. सातवा मजला आहे, लिफ्ट आहे, गॅलरी बंद केलेली आहे.”

“म्हणजे कोंबडीच्या खुराड्याला लिफ्ट लावलीय म्हण की.”

“चेष्टा नको करूस. तो ओटा एक दिवस तुझा जीव घेईल.”

“मग ओटा बदलते. राहतं घर का बदलू?”

“बाबांना तीनदा जमलं नाही, आई.”

हे त्यांना लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. मुलगा उठला, गाडीची किल्ली हातात घेतली आणि म्हणाला, “ठीक आहे. घाल ओटा. हिवाळा संपला की खोकी घेऊन येतो. एक जरी भेग दिसली तरी सामान भरायचं आणि निघायचं. मग मी ऐकणार नाही.”

“ये की,” बाई म्हणाल्या. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण तो गेल्यावर त्या बराच वेळ भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. घराच्या कागदांवर सह्या करताना आपण काय करतोय हे त्यांना कळलं नव्हतं, असं नाही. कळून केलं होतं, आणि आता त्याचीच धास्ती वाटत होती.

तर घण. पहिल्या तासात हात भरून आले, दुसऱ्या तासात बाईंना उत्तर सापडलं. फुटलेला तुकडा त्यांनी उलटसुलट करून पाहिला. वरची चकाकणारी साल नखाएवढी जाड, आणि ती सबंध सुटून आलेली. खालचं काँक्रीट बऱ्यापैकी घट्ट होतं. चांगल्या मालावर पाणी आणि सिमेंट मारून त्यांनी स्वतःच एक कच्ची कातडी चढवली होती, आणि थंडी दर वर्षी फक्त तेवढीच सोलून काढत होती. काँक्रीटखाली खडीचा पत्ता नाही, नुसती चिकण माती. पाणी पिऊन फुगणारी आणि ओटा खांद्यावर उचलणारी. बाई तुकडा मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. हबके कुणी मारले होते? त्यांनीच. चाळीस वर्षं. त्यांना रडू आलं, ते त्यांनी पदराने पुसलं, आणि मग त्यांना राग आला. राग बरा, रागात घण चालतो.

यजमानांचे जुने जोडीदार मिस्त्री मदतीला आले. वय सत्तर, गुडघे नव्वदचे, तोंड मात्र विशीतलं. बाईंनी कागदावर काढलेला नकाशा त्यांनी चष्मा वर करून, मग खाली करून पाहिला.

“वहिनी, ओटा घालताय की विहीर खणताय? दीड फूट खोल?”

“फूटभर खडी, त्यावर पाच इंच काँक्रीट. माती सगळी उपसायची, भावोजी.”

“आणि हा उतार?”

“घरापासून बागेकडे, फुटाला पाव इंच. पाणी थांबलंच नाही तर गोठणार काय, कपाळ?”

“आणि भिंतीला चिकटवायचा नाही म्हणता?”

“नाही. मध्ये फोमची पट्टी. घर घराच्या जागी हलेल, ओटा ओट्याच्या.”

मिस्त्रींनी मान डोलावली. त्यांना पटत होतं, पण पटलं म्हणायची त्यांना सवय नव्हती. आठ दिवस दोघांनी माती काढली, खडी ओतली, चार-चार इंचांचे थर धुमसाने ठोकले. दर थराला बाई टाचेने दाबून बघत, आणि टाच रुतली की पुन्हा ठोकायला लावत. मिस्त्री म्हणाले, “तुमच्या यजमानांनी मला एवढं राबवलं नव्हतं.” बाई म्हणाल्या, “म्हणून तर तीनदा करावं लागलं.” म्हणून गेल्या आणि जीभ चावली. मिस्त्रींनी पुढच्या थराची खडी ओतली.

चारी कडांना फळ्या बसल्या, लोखंडी सळ्यांची जाळी अंथरली, खाली छोटे दगड लावून ती उचलून घेतली. मग बाईंनी पायरीपासून कडेने वीतभर लांबीच्या चार लोखंडी नळ्या उभ्या बसवल्या. खालचं तोंड खडीत उघडं, म्हणजे पाणी साचून फुटायला नको, वर झाकण.

“हे काय आता?” मिस्त्रींनी विचारलं.

“ते मुलासाठी आहे,” बाई म्हणाल्या, आणि दोरी ताणायला गेल्या.

काँक्रीटची गाडी बुधवारी आली. बाईंनी कारखान्यात स्वतः जाऊन माल सांगितला होता: थंडीचा, हवेचे बारीक बुडबुडे मिसळलेला. आतलं पाणी गोठून फुगलं तर त्याला शिरायला जागा हवी, एवढं तिथल्या माणसाने समजावलं आणि बाईंना ते लगेच पटलं. गाडीवाल्याने पन्हाळ लावली. माल घट्ट होता, ढकलल्याशिवाय सरकत नव्हता.

“मावशी, दोन बादल्या पाणी मारतो. लोण्यासारखा पळेल.”

“एक थेंब नाही.”

“अहो, सगळेच मारतात!”

“सगळ्यांचे ओटे बघ जाऊन. माझ्या मालात पाणी पडलं तर गाडी भरलेली परत जाईल, आणि तू का परत आलास ते तुझ्या साहेबाला मी फोनवर सांगीन.”

गाडीवाल्याने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी आभाळाकडे पाहिलं. शेवटी तो बापडा बाह्या सरसावून खाली उतरला आणि स्वतःच फावडं घेऊन माल ओढू लागला. “माझी आजी पण अशीच होती,” तो पुटपुटला. “बिचारी तुझ्यामुळेच झाली असेल,” बाई म्हणाल्या, आणि तिघंही हसले.

फळी फिरली, पातळी आली. वर तरळलेलं पाणी आपोआप उडून जाईपर्यंत बाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. मग मिस्त्रींनी सवयीने पिशवीतून थापी काढली. यजमानांची. त्यांच्यामागे मिस्त्रींकडे राहिलेली, मूठ यजमानांच्याच हाताने झिजलेली.

“वहिनी, सिमेंट भुरभुरा. घोटून घेतो. त्यांच्या हातची थापी आहे, मान राखू.”

बाईंनी थापी त्यांच्या हातातून घेतली, पुसली आणि खिडकीत ठेवली. मग कोपऱ्यातला खराटा उचलला.

“खराटा? वहिनी, लोक थुंकतील. गवंड्याच्या दारात खरखरीत ओटा? काम अर्धवट टाकलं म्हणतील!”

“म्हणू देत. ज्याला थुंकायचंय त्याने उतारावर थुंकावं, वाहून जाईल.”

आणि त्यांनी ओल्या काँक्रीटवरून खराटा ओढला, घरापासून बागेकडे सरकत, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला. बारीक बारीक रेघा उठल्या. आयुष्यभर जे गुळगुळीत केलं ते त्यांनी त्या संध्याकाळी जाणूनबुजून खरखरीत केलं, आणि एकही ओळ वाकडी जाऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन आणून त्यांनी बारा फुटी चौकोनात दोन काप मारले, एक उभा, एक आडवा, सव्वा इंच खोल.

“नव्या ओट्यावर करवत!” मिस्त्रींनी कपाळाला हात लावला.

“काँक्रीट आटणार, भावोजी. आटलं की तडकणार. तडकू नको म्हटलं तर ते ऐकत नाही. कुठे तडकायचं तेवढं मी सांगितलंय.”

सात दिवस ओली गोणपाटं. पुढे महिनाभर कोरडं राहू दिलं. मग थंडी आली.

ती त्या वर्षी काहीतरी सूड उगवायलाच आल्यासारखी आली. नळ गोठले, समोरच्या घराची पायरी फुटली, रस्ता कमरेपर्यंत बर्फाने भरला. बाई रोज सकाळी दार उघडत आणि लाकडी फावड्याने ओटा मोकळा करत. लोक मीठ टाकत होते. नव्या काँक्रीटला मीठ खातं, म्हणून बाईंनी पहिल्या वर्षी मिठाचा कण पडू दिला नाही, वाळू टाकली. फोन वाजला की म्हणत, “हो, आत आहे,” आणि फावडं भिंतीला टेकवून बोलत राहत. भीती वाटत नव्हती का? वाटत होती. दर सकाळी त्या आधी कोपरे बघत, मग आभाळ.

बर्फ उतरला आणि मुलगा आला. गाडीत खोकी होती, घडी घातलेली, चिकटपट्टीच्या रिळासकट. त्याने चहासुद्धा घेतला नाही. पहाट नुकतीच सरली होती, ओट्यावर पांढरं दव गोठलेलं. तो दारातच उकिडवा बसला आणि नजरेने एकेक इंच तपासू लागला. कोपरे जागेवर. पापुद्रा नाही. मग आडव्या कापाशी तो थांबला, खाली वाकला, बोट फिरवलं.

“आई. भेग आहे.”

खरंच होती. कापाच्या तळाशी, केसासारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“आहेच,” बाई म्हणाल्या. “तिच्यासाठीच जागा केली होती. बाहेर कुठे गेलीय का बघ.”

त्याने बघितलं. कुठेच नव्हती. “पण मी म्हटलं होतं, एक जरी…”

“तू म्हटलं होतंस. मी काही म्हटलं नव्हतं. आता उठ, आणि चालून दाखव त्यावरून.”

“काय?”

“चाल. हे तुझे ऑफिसचे गुळगुळीत बूट घालून. लहानपणापासून प्रत्येक हिवाळ्यात तू इथे आपटलायस. चाल.”

तो चिडून उठला आणि चालला. पहिली दोन पावलं त्याने जुन्या सवयीने, हात पसरून, जपून टाकली. मग हात खाली आले. बागेच्या कडेपर्यंत जाऊन तो थांबला, वळला आणि पाय मुद्दाम घासून पाहिला. पाय सरकला नाही.

“बाबांनी असं का नाही केलं?” त्याने हळूच विचारलं.

“कारण आम्हाला लोकांनी छान म्हणायला हवं होतं. मी त्यांच्या चकाकीवरून पडले, बाळा. ती चकाकी माझ्याही हातची होती. हे तुला सांगायला मला वर्ष लागलं.”

तो तिथेच उभा राहिला. त्याचा चेहरा दवाखान्यातल्या दिवसासारखा झाला होता. “दीड तास, आई,” तो म्हणाला. “दीड तास तू पडून होतीस आणि मी मीटिंगमध्ये होतो. मला झोप लागत नाही. भेगेचं काय घेऊन बसलीयस.”

“माहीत आहे मला. म्हणून तर इकडे ये. ती झाकणं काढ.”

त्याने पायरीजवळ बसून पहिलं झाकण उचललं, मग दुसरं, तिसरं, चौथं. ओट्यात रोवलेल्या चार नळ्या, सरळ रेषेत, पायरीपासून कडेपर्यंत.

“हे कशाला?”

“कठड्याला. तू मागणारच होतास, म्हणून ओतायच्या आधीच जागा ठेवली. खांब सुताराच्या घरामागे तयार पडलेत. मी लावले नाहीत, ते तुझं काम आहे.”

मुलाने नळीत बोट घालून पाहिलं. आत पाणी नव्हतं, कोरडी खडी लागली. मग तो गाडीकडे गेला. बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात खोकी नव्हती, पाना होता.

“सुताराकडे किती खांब आहेत म्हणालीस?”

“चार,” बाई म्हणाल्या. “आणि बूट बदल आधी. ओटा खराब होईल.”