रुपरावांच्या पायरीवरचा लाल ठिपका

बॅकसाइट
(उंची मोजण्याच्या वहीतला पहिला रकाना. म्हणजे मागे वळून पाहणं.)

नागपूरच्या कॉलेजचा सर्व्हे कॅम्प खाप्याला. नूपुरचा मागच्या वर्षी काविळीनं बुडाला होता. या वेळीही राहिला तर पुढच्या वर्षी धाकट्या भावाच्या बॅचसोबत.

काम सोपं. चौकातल्या दगडापासून चढ-उतार मोजत बाजाराला वळसा घालायचा आणि परत त्याच दगडावर यायचं. उंची सकाळइतकीच भरली, की पास.

गिरिधर सर म्हणाले होते, "जेवायला उठाल तेव्हा शेवटची खूण पक्क्या जागी सोडा, पुढचं मोजमाप तिथूनच. गावातल्या सगळ्यात पक्क्या!"

इंटरमीजिएट
(मधला रकाना.)

सगळ्यात पक्की होती रुपरावांच्या घराची नवी ग्रॅनाइटची पायरी. ती रस्त्यात बरीच पुढे आली होती, पण वहीत त्याला रकाना नाही.

नूपुरनं तिच्यावर लाल ठिपका दिला.

"काहून वं पोरी," रुपराव धावत आले, "रस्ता रुंद होऊन राहिला का?"

"नाही काका, आम्ही कॉलेजचे..."

"बघू," मोजपट्टी धरून उभा असलेला तिचा जोडीदार आर्यन मध्येच म्हणाला. "वरून जसं येईल तसं."

आतून त्यांच्या बायकोनं, जिजाबाईंनी, तर्री-पोहे आणले. "खा जी साहेब, पोटभर खा."

नूपुरनं आर्यनच्या पायावर पाय दिला. साहेब खातच राहिले.

जेवणाची सुट्टी

(नोंद नाही.)

(धडाम.)

(नोंद नाही.)

फोरसाइट
(म्हणजे पुढे पाहणं.)

ते परतले तेव्हा पायरी नव्हती. रुपराव घणावर टेकून घाम पुसत होते, शेजारी ग्रॅनाइटच्या तुकड्यांनी भरलेली तगारी.

"तुमी कायले तरास घेता साहेब? मीच तोडली."

"म्या यांले सांगतलं होतं," जिजाबाई दारातून म्हणाल्या, "तिकडं बांधू नका म्हणून."

तेवढ्यात सर आले. "शेवटची खूण कुठाय?"

"सर, तगारीत."

सरांनी तगारीत वाकून पाहिलं. ठिपका अगदी शाबूत होता.

"पहिल्यापासून करा. अंधाराच्या आत दगडावर पोचा, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

सर गेल्यावर नूपुर रडवेली झाली. "काका, देवाशपथ, आम्ही विद्यार्थी आहोत. कोणी काही तोडणार नव्हतं."

रुपरावांनी तगारीकडे पाहिलं. मग समोर, मारोतरावांच्या ओट्याकडे. तो रस्त्यात आणखी हातभर पुढे होता.

"हे त्याले सांगतलं का?"

"नाही."

"मंग सांगू नको." त्यांनी रंगाचा डबा उचलून तिच्या हाती दिला. "पक्की जागा पाहिजे ना तुले? थो ओटा पाय. लोखंड आहे त्यात."

रिमार्क

पट्टी आता दुसऱ्या पोराकडे. फेरी ओट्यापर्यंत आली, नूपुरनं ठिपका दिला आणि त्याच्या शेजारी आर्यनला बसवलं. "हलायचं नाही. घण आला तर तू मध्ये."

उजेड होता तोवर ती दगडावर पोचली. उंची जुळली. सरांनी सही केली.

बाजारातून मारोतरावांचा आवाज येत होता, "साहेब, जरासे सरका ना जी. एकच घाव घालतो."