घोड्याला चार, तुमाला दोनच

आमच्या घरात माती तुडवायची ती नवऱ्यानंच. त्यातनं गावराखण्या अय्यनार देवाला जत्रंत वाहायच्या घोड्याची माती म्हंजे बाईच्या पायाला दावायचीबी न्हाई. बाईनं तळ्यातनं माती व्हायची, वाळू चाळायची, तूस मिसळायचं, लाकडं फोडायची, भाजायला आवा रचायचा, आन तुडवायची येळ आली की बाजूला व्हायचं. तुडवणार कोण, तर आमचे नल्लय्या वेळार, म्हंजे कुंभार. सात पिढ्यांचा पाय म्हणं!

खोटं कशाला बोलू, पाय व्हताच तसा. मोहरीएवढा खडा अंगठ्याला कळायचा. वाकून काढायचे आन हिरा घावल्यागत माझ्याकडं बघायचे.

पण आठ वर्सं झाली, साखर लागली. गोळ्यांचा डबा फळीवर धूळ खात पडलेला. दिसातनं चार येळा कॉफी, तीबी ताडगुळाचा खडा टाकून. "ताडगूळ झाडाचा असतोय, त्यानं साखर वाढत न्हाई." कुणी सांगितलं? तर ताडगूळ इकणाऱ्यानं! मी बोलून बोलून दमले. पालथ्या घड्यावर पाणी, आन घडाबी आमच्याच घरचा.

यंदा गावानं रिवाजापरमाणं मूठभर माती ह्यांच्या हातावर ठेवली आन घोडा सांगितला. पयल्या घोड्याची मान आव्यातच फुटली. झालं, तोंड सुटलं.

"तूच वाळू नीट चाळली न्हाईस."

"माझी वाळू?" मी फुटका तुकडा नाकापुढं धरला. आत बोराएवढा चुनखडा पांढरा दिसत व्हता. "ह्यो वाळूतला न्हवं, तळ्याच्या मातीतला. तुमच्या पायाखाली आला न्हाई का? नाचता येईना, अंगण वाकडं!"

"दृष्ट लागली," म्हणाले आन कॉफी मागितली.

गावात कुजबूज सुरू झाली. दुसराबी फुटला तर पुढल्या साली मूठभर माती शेजारच्या गावच्या वेळाराच्या हातावर जाणार. आमचा मान गेला म्हंजे गेला. जत्रा तीन आठवड्यांवर आलेली.

अशात दवाखान्याची अमुदा सिस्टर साखर तपासायला दारात आली. तिनं ह्यांना ओट्यावर बसवलं, डोळं मिटायला लावलं आन पिशवीतनं बारीक ताठ दोरा काढला.

"मामा, पायाला दोरा लागला की हो म्हणा."

तिनं अंगठ्याला लावला. मामा गप. तळव्याला लावला. गप. टाचेला लावला, तरी गप. आपलं कायतरी चुकतंय हे बेण्याच्या ध्यानात आलं असावं. सिस्टरनं दोरा नुसता हातात धरला, कुटं लावलाच न्हाई, तर हे सुरूच झाले, "हो! हो! ह्येबी लागलं! ह्येबी!"

मला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबला. सिस्टर मातुर हसली न्हाई. तिनं पाय उचलला, करंगळी बाजूला केली आन माझं हसू तिथंच मेलं. आत बाभळीचा काटा मोडलेला, भवतीनं काळं-निळं झालेलं, घाण वास. हा माणूस त्यो काटा घिऊन आठवडाभर हिंडत व्हता, आन ह्याला पत्ता न्हाई!

"दुखत न्हाई म्हंजे बरंच हाय की," हे म्हणाले.

"दुखत न्हाई हाच तर आजार, मामा," सिस्टर म्हणाली. "तळ्याचा पाट गाळानं भरत आला की पयलं कुठलं वावर वाळतं?"

"शेवटचं."

"पाय म्हंजे शेवटचं वावर. वर्सानुवर्सं साखर वाढलेली ऱ्हायली की रगताच्या बारीक नळ्या आतनं खराब व्हत्यात. मंग कळ सांगणाऱ्या शिरा उपाशी मरत्यात. डोळ्यातबी तसंच, मूत्रपिंडातबी तसंच. आज तालुक्याला चला, न्हाईतर काट्यापायी पाय जाईल."

"घोडा झाल्यावर बघू."

"घोडा?" माझं डोस्कंच फिरलं. "घोड्याला चार पाय हायेत, तुमाला दोनच!"

मी पदर खोचला आन अंगणातल्या दुसऱ्या घोड्याच्या मातीत सरळ पाय घातला. हे किंचाळले, "अगं ए! बाईचा पाय! देव कोपंल!"

"कोपू द्या. माझ्या पायाला कळंल तरी!"

तुडवत गेले आन एकेक खडा काढून ह्यांच्या तळहातावर ठेवत गेले. अकरा निघाले. सारी माती ह्यांनी सकाळीच तुडवून 'लोणी झाली' म्हणून सांगितलेली. अकरावा खडा हातावर पडला तवा मान खाली गेली. उठून सिस्टरच्या मागं रिक्षात बसले.

करंगळी गेली. पाय वाचला.

घोडा मी तुडवलेल्या मातीचा, थोरल्या दिरानं घडवला, आन आव्यातनं ठणठणीत निघाला. जत्रंला घोडा देवळात पोचला तवा पुजाऱ्यानं ह्यांच्या डोक्याला मानाचं फडकं बांधलं. म्हातारी माणसं म्हणाली, "शेवटी नल्लय्याचा पाय म्हंजे पाय!" हे बँडेज बांधलेल्या पायावर उभं ऱ्हाऊन मिशीत हसले. माझ्याकडं बघायची छाती झाली न्हाई. माझ्या पायावर अजून माती वाळलेली व्हती, पण पाय बघतंय कोण?

आमच्याकडं ज्याचं जे अंग दुखतं त्याचं मातीचं अंग देवाला वाहत्यात. जत्रा सरल्यावर एक दिवस बघितलं, तर हे कोपऱ्यात बसून स्वतःच्या नवसाचा पाय करत व्हते. पाच बोटं, देखणी, नखांसकट!

मी माती कापायचा दोरा घेतला आन करंगळी कापून टाकली.

"अगं, काय करतीस!"

"देवाला तरी खरं सांगा. सिस्टरला बोललासा तेवढं खोटं बास झालं."

आता चिडणार म्हणून मी वाट बघत व्हते. पण त्यांनी मातीची करंगळी उचलली, चिमटीत चुरली, आन तोंड वाकडं करून म्हणाले, "खडा ऱ्हायलाय तुझ्या मातीत. मोहरीएवढा."

दुसऱ्या येळी मी ह्यांची खरडपट्टी काढली असती. पण हाताला अजून कळतंय एवढंच माझ्या कानात घुमलं. आत गेले, गोळ्यांचा डबा आन तांब्या आणून पुढ्यात आदळला.

"हाताला कळतंय तवर गिळा."

त्यांनी गोळी घ्यायला हात पुढं केला.