नऊ हात तरट

मित्रांनो, या मुलखात विद्येचा भार ज्यांनी वाहिला त्यांची नावं एक दिवस दगडावर कोरली जातील, आणि त्यांत पहिलं नाव माझं असेल. मी एक जुनं तरट आहे. सध्या माझ्यावर वांगी ठेवली आहेत.

माझा जन्म कुठल्या गिरणीत झाला ते मला आठवत नाही. कारंज्याच्या कापसाच्या जिनात मी आलो तो रुईच्या गाठींना गुंडाळायला. गाठी आगगाडीत बसून विलायतेला जात. मीही गेलो असतो, पण गाठ शिवून झाल्यावर जो तुकडा उरला तो मी. लांबी मोजून नऊ हात. ज्या गावच्या शाळेला लोकल बोर्डानं मला दिलं ते केनवडच्या अलीकडे, कच्च्या रस्त्यावर होतं. शाळेच्या यादीत माझी नोंद झाली: ‘तरट, एक. नऊ हात.’ ही नोंद विसरू नका. पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

एकोणीसशे अठ्ठावीसचा सुमार असेल. शाळेत मास्तर एकच, नानाजी मास्तर. माणूस गरीब, आवाज मोठा. तोवर पोरं कुठंही बसत. ज्याला उत्तर येई तो वर सरके, ज्याला येत नसे तो खाली. दुपारपर्यंत खालचा वर आणि वरचा खाली, असं चालायचं.

मग वरून कागद आला: मुलांची बुद्धी पाहून त्यांना तीन गटांत बसवावं, आणि ती व्यवस्था कार्तिकात शाळा तपासणारे डिपटीसाहेब येऊन पाहतील. मास्तरांनी कागद तीनदा वाचला. शाळेत बसायला तीनच वस्तू होत्या. बापूराव पाटलांनी दिलेली सतरंजी, एक शिंदीची चटई, आणि मी. मास्तर म्हणाले, “झालं! सरकारनं आपली शाळा पाहूनच लिवलं हे.”

सतरंजीवर हुशार. पाटलांचा बबन तिथं पहिला. बबनला बाराचा पाढा येत नसे, पण सतरंजी त्याच्या घरची होती. चटईवर मध्यम. माझ्यावर ढ. मी नऊ हात लांब, एका पोराला एक हात, म्हणजे नऊ ढ पोरं हवी होती. मास्तरांनी प्रामाणिकपणे शोधली. आठच निघाली.

त्यांतला एक सेवादास, तांड्यावरचा. घरी त्याची भाषा वेगळी, त्यामुळे मास्तरांचं बोलणं त्याला उशिरा कळे. म्हणून तो ढ.

नववी जागा रिकामी. साहेबाला रिकामी जागा दिसली तर ते गैरहजेरी धरणार, शाळेला शेरा बसणार. साहेब यायच्या दिवशी सकाळी मास्तर हातात रूळ घेऊन माझ्याकडे पाहत उभे होते. इतक्यात दारातून चंपत आला.

चंपत तुळसाबाई माळिणीचा एकुलता एक. बाप नव्हता. त्या दिवशी रिसोडचा बाजार, म्हणून मेथीच्या जुड्या बांधून, टोपली आईच्या डोक्यावर चढवून तो धावत आला होता. त्याला यायला उशीर झाला एवढाच त्याचा गुन्हा. एरवी तो चटईवर बसे; आज चटई भरली होती.

“चंपत, तू तरटावर बस.”

“मास्तर, मले तं पावकी येते. निमकी बी येते.”

“मले मालूम हाय ना! आजच्या दिसाचं काम हाय. बस.”

तो बसला. अगदी माझ्या शेवटच्या हातावर.

साहेब आले. सतरंजीला विचारलं, “सव्वा हाताच्या आठ दोऱ्या. सगळ्या मिळून किती हात?” सतरंजी छताकडे पाहू लागली. चटई जमिनीकडे. आणि माझ्या टोकावरून आवाज आला, “धा हात जी.”

साहेबांनी चष्मा खाली केला. “तुला कोणी सांगितलं?”

“कोनी नाई जी.”

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी तोंड उघडलं, पण साहेबांचा टाक आधी चालला. शाळेच्या वहीत त्यांनी तिन्ही गटांची नावं पक्क्या शाईत उतरवली आणि खाली शेरा मारला: ‘तरटावरील मुलेही बोलती आहेत. व्यवस्था समाधानकारक.’

दुसऱ्या दिवशी चंपत चटईकडे गेला. मास्तर हळूच म्हणाले, “तिकडं नको बाप्पा. साह्यबानं शाईनं लिवलं.”

संध्याकाळी तुळसाबाई शाळेच्या दारात उभी राहिली. डोक्यावर रिकामी टोपली तशीच.

“मास्तर, माह्या पोराले तरटावर कायले बसवलं?”

मास्तर खोटं बोलत नसत. “बाई, तरट रिकामं राहून राह्यलं होतं.”

“मंग तरट कापा ना! पोरगं कायले कापता?”

“सरकारी हाय बाई. यादीत नऊ हात लिवलं हाय.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, त्या वेळी गुंडाळून कोपऱ्यात उभं राहावंसं वाटलं. पण तरटाला स्वतःहून गुंडाळून घेता येत नाही.

चंपतनं मात्र आईचं बोलणं मनावर घेतलं. एके दिवशी त्यानं माझ्या टोकाशी बोट लावलं आणि सेवादासच्या कानात म्हणाला, “पाह्य, एका बोटाच्या रुंदीत साहा धागे. हाताचे बोटं चोवीस. किती झाले?”

“लय झाले,” सेवादास म्हणाला.

“एकशे चव्वेचाळीस. रोज दोन ओढले तं बहात्तर दिवस. शिमग्यापावतर माही जागा सरते. जागाच नाई तं मास्तर मले बसवतीन कुठं? चटईवर!”

“आन मंग मी?”

चंपतनं विचार केला. “तुह्यासाठी पुढच्या साली ओढू.”

त्या दिवसापासून तो रोज दोन आडवे धागे ओढी. उभे धागे लोंबत, ते गाठ मारून खाली दुमडी. मला दुखत असे; पण खरं सांगतो, मी श्वास रोखून त्याला मदत करत होतो. ढ पोरांच्या ओळीत बसून असं गणित करणारं पोर मी दुसरं पाहिलं नाही. सतरंजीनंही पाहिलं नसावं, पण ती तसं कबूल करणार नाही.

निघालेले धागे तो घरी नेई; माझेच ते, म्हणून तिकडचंही मला कळे. तुळसाबाई त्यांनी मेथीच्या जुड्या बांधी. कुठून आणले, तिनं कधी विचारलं नाही. एक जुडी नानाजी मास्तरांच्या घरी गेली. मास्तर जेवायला बसायच्या आधी स्वतः भाजी निवडत. त्यांनी जुडी सोडली, धागा बोटांत फिरवला, आणि ओळखला.

तेव्हा शिमग्याला नऊ दिवस राहिले होते.

“काहून रे चंपत? सरकारी तरट उसवतं?”

चंपतनं सगळा हिशेब सांगितला. साहा धागे, चोवीस बोटं, बहात्तर दिवस. मास्तरांच्या हातात छडी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि खडूचा डबा उघडला, जणू त्यात उत्तर ठेवलं होतं.

“चुकलं कुठं, मास्तर?” चंपतनं विचारलं.

“गनित बराबर हाय,” मास्तर म्हणाले. त्यांचा मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

पण साहेब पुन्हा यायचे होते, आणि यादीत नऊ हात होते. मास्तरांनी मला रिसोडला शिंप्याकडे नेलं. कमी पडला होता जवळजवळ एक हात. शिंप्याकडे तुकडा होता दोन हातांचा. सरकारी कामाला कापड कशाला कापायचं, म्हणून त्यानं तो अख्खाच जोडला. मी दहा हात झालो. यादी दुरुस्त झाली. आता दहावा ढ शोधावा लागला. तो सापडला.

चंपत पुन्हा आपल्या जागी बसला, पण त्यानं धागा ओढला नाही. पाढे म्हणताना त्याचे ओठ आधी हळू हलू लागले, मग हलेनासे झाले. पुढच्या सालच्या पावसाळ्यात एकदा सतरंजीला उत्तर येईना, तेव्हा मास्तर मुद्दाम त्याच्याकडे वळले. “चंपत, तू सांग बरं.”

“मी तरटावरचा हाय जी. मले काय इचारता?”

त्या आठवड्यात त्यानं शाळा सोडली. नानाजी मास्तरही पुढं पेन्शनीत गेले. जायच्या दिवशी त्यांनी मला स्वतः झाडलं, आणि शिवणीवर हात फिरवून पाहिला.

एकोणीसशे पंचेचाळीस साली चंपत आपल्या पोरीला, जिजाला, शाळेत घालायला आला. नव्या मास्तरांनी विचारलं, “सही येते?” चंपत म्हणाला, “नाई जी,” आणि अंगठा पुढं केला. त्याला सही येत होती. मी पाहिली आहे. कोळशानं शाळेच्या भिंतीवर काढलेली.

शाळेत बसायला नव्या तीन पट्ट्या आल्या होत्या आणि मी दाराबाहेर पडलो होतो. चंपत म्हणाला, “मास्तर, हे तरट नेऊ काय?”

“न्या. काय करता त्याचं?”

“काई नाई. वळखीचं हाय.”

त्याच्या घरी मी ओला होऊन मेथी झाकली. उन्हं उतरली की ओसरीवर जिजा माझ्यावर अभ्यासाला बसे. ती टोकावर बसली की चंपत म्हणे, “तिथं नको. मधात बस.”

एके दिवशी ती म्हणाली, “बाबा, मले तिसऱ्या पट्टीवर बसवलं. तिथं एक जागा रिकामी होती.”

चंपतनं हातातली जुडी खाली ठेवली. मग त्यानं विचारलं, “सव्वा हाताच्या आठ दोऱ्या. किती?”

“धा हात,” ती म्हणाली, वर न पाहता.

सकाळी चंपत पाय धुऊन शाळेत गेला. तिथं काय झालं मला ठाऊक नाही. परतल्यावर त्यानं मला ओलं केलं आणि मेथीवर घातलं. जिजा अजून तिसऱ्या पट्टीवरच बसते.

म्हणून मित्रांनो, मोठे होऊन तुम्ही मास्तर व्हाल, साहेब व्हाल, कागद काढाल, तेव्हा आधी पोरं पाहा आणि मग तरट आणा. पट्टी लांब झाली तर कापा. रिकामी राहिली तर राहू द्या. तिला त्याचं काही वाटत नाही.

एवढं जमणार नसेल तरी हरकत नाही. माझ्या टोकाला एक धागा लोंबतो आहे. येता-जाता तेवढा कोणी ओढून टाका. चंपतच्या घरचं मांजर दिवसभर त्याच्याशी खेळतं, आणि मला गुदगुल्या होतात.