उतारावरची किल्ली

गाडी विकायची नाही, ब्रेक बदलायचे, असं मेघनाने भर जेवणात जाहीर केलं तेव्हा तिची आई करुणा तव्यावरची भाकरी तशीच सोडून वळली.

"ब्रेक बदलून मानूस बदलतो व्हय?"

माणूस म्हणजे नाना, मेघनाचे वडील. ते मान खाली घालून भाकरी कुस्करत होते. आदल्या संध्याकाळी कन्हेरीच्या फाट्यावर त्यांची छोटी गाडी उसाच्या ट्रॉलीखाली जाता जाता वाचली होती. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना लाल पट्टी. नानांनी ब्रेक दाबला, गाडी थांबलीही, पण उसाची टोकं समोरच्या काचेला टेकल्यावर.

नानांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्याची जीप चालवण्यात गेली होती. ही गाडी त्यांनी निवृत्त झाल्यावर घेतली, जुनीच, पण स्वतःची पहिली. ती गेली तर नाना ओट्यावर बसून राहिले असते, आणि बसून राहिलेले नाना घरात कुणाला सोसले नसते. करुणा मात्र हट्टाला पेटली होती. पुन्हा असं काही झालं तर गाडी दारात ठेवणार नाही, असं तिने बजावलं.  नानांनी फक्त मेघनाकडे एकदा पाहिलं, आणि त्या बघण्याने मेघनाची झोप उडाली.

ती भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. प्रश्न तिला सुटण्यासारखा वाटत होता. या गाडीचे ब्रेक नुसत्या पायाच्या जोरावर चालणारे होते. त्याच कंपनीच्या मोठ्या मॉडेलला चाकाबरोबर फिरणारी चकती मोठी, ती दाबून धरणारा कॅलिपर रुंद, शिवाय पेडलमागे बूस्टर. बूस्टर म्हणजे पत्र्याचा एक गोल डबा. चालू इंजिन त्यातली हवा ओढून घेतं आणि त्या पोकळीमुळे पायाच्या जोराला चांगलाच हातभार लागतो. मेघनाने चकतीचा व्यास, पिस्टनचं क्षेत्रफळ, पेडलची तरफ असा सगळा हिशोब मांडला आणि बारामतीला इंद्रजितच्या गॅरेजवर जाऊन उभी राहिली. इंद्रजित शाळेपासूनचा मित्र. मोडीत निघालेल्या एका मोठ्या गाडीचे ब्रेक त्याच्याकडे पडून होते.

"काढू आन् लावू. त्यात काय हाय?" तो म्हणाला.

त्यात बरंच काही होतं. सगळं बसलं, फक्त चाक बसेना. नवा कॅलिपर एवढा रुंद, की जुन्या चाकाची रिंग त्याला घासायला लागली.

"मॅडम, तुमच्या गणितात चाक नव्हतं का?"

"तुझ्या डोळ्यांत तरी कुठं होतं?"

मग मोठ्या मॉडेलची चाकंही आली. नेहमीच्या गडबडीत दोघांनी पाइपमधली हवा काढली, मेघनाने मोकळ्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा गाडी पळवून थांबवून पाहिली. पेडलवर पायाची बोटं टेकवावीत आणि गाडीने जागच्या जागी थांबावं, असे ब्रेक झाले होते. संध्याकाळी घरी येताना नानांनी चालवली. कालव्याच्या पुलावरून घराकडे, पिंपळीच्या बाजूला उतरताना गाडीत इतकी शांतता झाली, की मागे बसलेल्या मेघनाला अभिमान वाटला. इंजिनाचा आवाजसुद्धा येत नव्हता.

"कसे आहेत ब्रेक?"

"लोनी लागल्यावानी," नाना म्हणाले. तिने त्यांच्याकडून एकच कबूल करून घेतलं: गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही. कुणाचाही. माझासुद्धा.

रविवारी सकाळी नाना कळंबला निघाले. तिथून थोरल्या बहिणीला, ताईबाईला, घ्यायचं आणि इंदापूरला नात्यातल्या साखरपुड्याला जायचं. करुणाने त्यांना फाटकापर्यंत सोडलं. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ती तिथेच उभी राहिली.

मेघना मागच्या बाजूला पेरूच्या झाडांना पाणी सोडत होती. काहीतरी विसरल्यासारखं तिला सकाळपासून वाटत होतं. नट आवळले होते. तेल गळत नव्हतं. चाकं दोनदा पाहिली होती. तिने पाइप एका आळ्यातून दुसऱ्यात टाकला आणि तेवढ्यात लाईट गेली. विहिरीवरची मोटर थांबली. पाइपातून मात्र पाणी येत राहिलं, आधी तसंच, मग बारीक धार, मग दोन गुळण्या, आणि बंद.

मोटर बंद पडली तरी थोडं पाणी शिल्लक असतंच. तिने मनात म्हटलं, आणि पाइप तिच्या हातातून गळाला.

कालव्याच्या उतारावरची ती शांतता. इंजिनाचा आवाज येत नव्हता, कारण इंजिन बंद होतं.

ती स्वयंपाकघरात धावली. "आई, नाना उतारावर गाडी बंद करतात?"

"मग? जीपवर हुते तवापासनं. सरकार डिझेल मोजून द्यायचं. उतार लागला की गिअर काढायचा, किल्ली एक घर मागं. आमच्या लग्नाचं वऱ्हाड सुदा तसंच उतरवलं हुतं त्यांनी."

मेघना गच्चीवर पळाली, कारण घरात रेंज नसायची. इंजिन बंद म्हणजे बूस्टरमधली हवा ओढणारं कुणी नाही. पोकळी शिल्लक राहते ती दोन-तीनदा ब्रेक दाबण्यापुरती. मग पेडल दगड. जुने ब्रेक तरी नुसत्या पायाच्या जोरावर लागत होते. नव्या ब्रेकला बूस्टरची साथ नसेल तर तेवढ्याच पायाने काही होणार नव्हतं. आणि नाना ब्रेक कसा दाबतात? तिला गाडी शिकवताना ते सतत बजावायचे, "एकदम दाबायचा न्हाय. थोडा थोडा. दाब, सोड. दाब, सोड."

दाब, सोड. दाब, सोड. संपलं.

नानांचा फोन वाजत राहिला. त्यांनी उचलला नाही. तिने पुन्हा लावला. शब्द दिलेला माणूस तो, कशाला उचलेल? तिने इंद्रजितला लावला.

"इंद्रा, नाना उतारावर इंजिन बंद करतात."

पलीकडे पाना खाली आपटल्याचा आवाज झाला. मग, "च्यायला. आगं, आता कोन करतंय तसं?"

"नाना करतात!"

"मी गाडी काढतो. कुठपर्यंत गेल्यात?"

तिला ठाऊक नव्हतं. कळंबच्या पुढे ओढ्याकडे जाणारा लांब उतार तिच्या डोळ्यांसमोर येत होता. खाली अरुंद पूल, आणि या दिवसांत पुलाच्या तोंडाशी कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्यांची रांग. गच्चीच्या एका कठड्यापासून दुसऱ्यापर्यंत ती नुसती फिरत होती. ताईबाई आत्याचा नंबर लागेना. लागला तेव्हा व्यस्त आला. चौथ्यांदा उचलला गेला.

"कोन?"

"आत्या, मेघना. कुठं आहात?"

"गाडीत, पोरी. नव्या लुगड्यात बसलीया, मांडीवर लाडवाचा डबा, हलता यीना. नाना म्हनतोय फोन ठेव, तुजाच कायदा हाय म्हनं."

"आत्या, त्यांना सांगा, किल्ली बंद करायची नाही. अजिबात."

"किल्ली व्हय? ती मगाशीच बंद केली की. उतार लागला न्हवं. आगं काय गुपचूप चाललीया, इमानावानी."

मेघनाने कठडा धरला. "फोन त्यांच्या कानाला लावा. आत्ता!"

खसखस झाली, बांगड्या वाजल्या, आणि नानांचा त्रासलेला आवाज आला. "मेघे, तूच म्हनालीस ना..."

"नाना, ब्रेक दाबून सोडू नका! एकदाच दाबा आणि धरून ठेवा!"

"आगं म्होरं ट्रॉली हाय, हळू करतोय मी..." आवाज थांबला. मग वेगळाच आला, तिने कधी न ऐकलेला. "ह्याला काय झालं? दगुड झाला."

"किल्ली मारा! गाडी चालू करा, नाना, किल्ली!"

पुढचं तिला नीट कळलं नाही. ताईबाईने "बया, बया" केलं. पत्र्यावर काहीतरी आदळलं. ट्रॅक्टरचा हॉर्न जवळ आला. स्टार्टर एकदा घरघरला, पुन्हा घरघरला, आणि खडी उडाल्यासारखा लांब कर्कश आवाज होऊन फोन कुठेतरी खाली पडला.

ती ऐकत राहिली. श्वाससुद्धा घेतला नाही, कारण त्याचा आवाज झाला असता.

मग तिला ऐकू आलं. इंजिन. जुनं, थोडं अडखळणारं, पण चालू.

"लाडू सांडलं सगळं," ताईबाई म्हणाली. "मेल्या, म्हाताऱ्या बहिनीला मारतोस का काय?"

मेघना गच्चीवर खाली बसली. करुणा जिन्यात उभी होती, कितीतरी वेळ उभी असावी. मेघनाने तिला हाताने खूण केली, सगळं ठीक.

नाना फोनवर आले. "खडीत घातली गाडी. ट्रॉली हातभर राहिली. चालू झाली तसा ब्रेक लागला." मग ते म्हणाले, "म्हंजी माझा पाय न्हवता चुकला?"

हे विचारताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला, की मेघनाला एकदम सगळं समजलं. फाट्यावरच्या त्या संध्याकाळपासून नानांना हीच भीती होती.

"नाही, नाना. पाय बरोबर होता. मी तुम्हाला विचारायला हवं होतं, गाडी कशी चालवता ते."

"तीस वर्सं झाली चालवतोय. कुनीच इचारलं न्हाय."

संध्याकाळी गाडी दारात आली. नाना उतरले नाहीत. इंजिन चालू ठेवून त्यांनी सगळ्या आळीला ऐकू जाईल असा आवाज दिला, "इंजिनेरबाई, बंद करू का? परवानगी हाय का?"

मेघना शेजारी जाऊन बसली. तिने त्यांना किल्ली बंद करायला लावली आणि पेडल दाबायला सांगितलं. पहिल्यांदा पाय मऊ गेला. दुसऱ्यांदा कमी. तिसऱ्यांदा अर्ध्यातच अडला. नाना चौथ्यांदा दाबून पाहत राहिले, वाकून, पायाकडे बघत.

"मोटर बंद झाल्यावर पाइपात पाणी राहतं ना, तसं आहे."

"मग जुनंच बरं हुतं की. पाय हाय तवर ब्रेक हाय."

"जुन्या ब्रेकने उसाची टोकं काचेला लागली होती."

नानांनी पेडलवरून पाय काढला.  करुणा ओट्यावरून म्हणाली, "गाडी इका." नाना लगेच ताठ झाले. उतारावर किल्लीला हात लावणार नाही, त्यांनी सांगितलं. मात्र उतारावरचं पेट्रोल मेघनाने भरायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बारामतीला निघाले. करुणाचं तोंड पाहून म्हणाले, "कालव्याचा उतार उतरलो की हॉर्न मारीन. मग तरी घास गिळ."

मेघना गच्चीवर जाऊन उभी राहिली. गाडीचा आवाज उसाआडून पुलाकडे चढत गेला, वर पोचला, आणि हळूहळू विरला. लांब गेली म्हणून विरला, का बंद झाला, हे इथून सांगता येत नव्हतं. तिने मोबाइल हातात घेतला आणि परत खिशात ठेवला.

पलीकडून हॉर्न आला. लांबलचक, ऐटीत.

"उतरले गं," खालून करुणाने सुस्कारा सोडला. "ये जेवायला."

"आले," मेघना म्हणाली, पण जागची हलली नाही. हॉर्न बॅटरीवर वाजतो. त्याला इंजिन चालू लागत नाही.